वीज तोडायला येणारा माणूस

तिने स्टूल ओढून दाराबाहेरच्या जुन्या मीटरच्या बरोबर खाली ठेवलं आणि त्यावर ठाण मांडलं. मांडीवर वाटाण्याच्या शेंगांची परात घेतली.

मीटर बसवणारा नवा मीटर हातात घेऊन जिन्याच्या कठड्याला टेकला. मजल्यावरचे बाकीचे सगळे त्याने सकाळपासून बदलून टाकले होते. उरला होता हा एकच, आतली चकती संथपणे फिरवत बसलेला.

"मावशी, पाचदहा मिनिटांचं काम आहे."

"पाचदहा मिनिटं विजेशिवाय भागेल. प्राणवायूचा छोटा सिलिंडर आहे." तिने मानेनेच आत दाखवलं. पलंगावर तिचा नवरा उशांना टेकून बसला होता. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं. "पुढचं सांग. हा नवा काय काय करतो?"

"रीडिंग आपोआप ऑफिसात जातं. कुणी दारात यायची गरजच नाही."

"आणि वीज तोडायची झाली तर?"

तो घुटमळला. "तीही तिथूनच."

तिने शेंग कटकन मोडली. "मागे एकजण चुकून आमची वीज तोडायला आला होता. दारात उभा राहिला, हा आवाज ऐकला आणि आल्या पावली परत गेला. तुमच्या ऑफिसातल्या बटणाला कान आहेत का?"

"अहो, चूक झालीच तर तासाभरात जोडून देतात."

"तासभर श्वास धरून बसतोस? बस. मी उठते इथून."

आतून नवऱ्याचं हसू ऐकू आलं, मग खोकला. तिचे हात थांबले. खोकला शमला तेव्हाच ते पुन्हा शेंगांकडे वळले.

तेवढ्यात मीटरवाल्याचा फोन वाजला. साहेबांचा आवाज तिलाही ऐकू येत होता. एवढी एक इमारत अजून का अडकलीय?

मीटरवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "साहेब, एका घराला कुलूप आहे. आत कोणी नाही."

सुटलात, असं त्याने तिला डोळ्यांनीच खुणावलं.

ती ताडकन उठली. शेंगा जमिनीवर सांडल्या. तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"कुलूपबिलूप काही नाही. हा भला माणूस आहे, म्हणून खोटं बोलला. घरात आम्ही दोघं आहोत." फोन तिने यंत्राच्या दिशेने धरला, थोडा वेळ धरूनच ठेवला. "ऐकलंत? आता वर या, बघा. मग काय बसवायचं ते बसवा."



मग साहेबांनी विचारलं, "कितवा मजला?"