कोपऱ्यातले नऊ खांब

शहाजादीच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे आठवलं की पुंजाराम मास्तरांच्या हातातली क्रोशाची सुई थांबायची. आताही थांबली. खोलीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं होतं. शिकवायला बसलेली सून नंदाबाई गालात हसत होती.

"मामंजी, लिहायचा टाक न्हाई तो. इतकी गच्च धरू नका."

सहा वर्षांपूर्वी शहाजादीने हैदराबादहून लिहिलं होतं. इथे मस्तगडात शेजारी राहायची तेव्हा मास्तरांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, तिला शिंपल्यांची लेस शिकवली होती. मुलीच्या लग्नातल्या रुमालांना ती लावायची होती, पण कोपऱ्यावर लेस चुरगळत होती. तिथे किती खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे, एवढंच तिने विचारलं होतं. मास्तरांनी पत्र द्वारकाबाईंना वाचून दाखवलं आणि उद्या लिहितो म्हणाले. पण बायकांचे टाके आपल्या अक्षरात परक्या घरी जाणार, तिचा नवरा वाचून हसणार, या विचाराने कागद कोराच राहिला. आठवड्याने द्वारकाबाईंनी विचारलं होतं, "गेलं का पत्र?"

पुस्तकातून मान वर न काढता ते म्हणाले होते, "गेलं."

द्वारकाबाईंना जाऊन चार वर्षं झाली. गेल्या आठवड्यात बाजारात शहाजादीचा भाऊ बदरोद्दीन भेटला. धाकट्या भाचीचं लग्न ठरल्याचं त्याने सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "आपा अजून म्हणती, बाईनं हुनर दाबून ठिवलं. मी म्हनलं, जाऊ दे, गेलेल्या मान्साला काय बोलायचं."

घरी येऊन मास्तरांनी सुनेकडे सुई मागितली.

सरळ काठ चार दिवसांत जमला. एका घरात पाच खांब, की एक शिंपला. कोपऱ्यावर मात्र त्यांची लेसही आत वळली. नंदाबाई सासू गेल्यानंतर या घरात आलेली. कोपरा तिलाही येत नव्हता.

"जुना नमुना असता तर बराबर कळलं असतं," ती म्हणाली आणि तिचं लक्ष कोनाड्यातल्या पुस्तकाकडे गेलं. "मामंजी, ती खूण बघू."

लेसची ती पट्टी पत्र आलं त्याच आठवड्यात द्वारकाबाईंनी पुस्तकात ठेवली होती. पानात घालायची खूण म्हणून मास्तरांनी ती वापरायला घेतली. मध्येच काटकोनात वळलेली, पानाबाहेर यायची. बाईचं काम फसलं असं समजून ते ती दुमडून ठेवत. वळणावर तेवढा लाल दोरा होता.

आता त्यांनी ती उजेडात धरली. लाल खांब नखाने एकेक मोजले. नऊ. सगळे एकाच घरात.

नंदाबाई काही म्हणाली, ते त्यांना ऐकू आलं नाही. ही पट्टी दोन वर्षं, रोज संध्याकाळी, द्वारकाबाईंच्या समोर त्यांच्या हातात होती. आणि पत्र गेलं का, हे तिने पुन्हा कधीच विचारलं नव्हतं.

त्यांनी उर्दूत चार ओळी लिहिल्या. नमुना तिने तेव्हाच केला होता, पाठवला मी नाही. पाकिटात पट्टी ठेवली आणि नंदाबाईला न देता स्वतः टपालपेटीपर्यंत गेले.

पाकीट आत पडल्याचा आवाज आला. तरी मास्तर थोडा वेळ तिथेच उभे राहिले, गेलं का, असं कुणीतरी विचारील म्हणून.