डिशवाला साडू

नाथाजीच्या पोटात दुखायला लागलं ते धाकट्या साडूच्या नोकरीपासून. इंद्रजित आफ्रिकेत, टांझानियात कामाला गेला होता. नाथाजी वीज खात्यात वायरमन. कुंडलची लाईन त्याच्याकडेच आणि सासुरवाडीही तीच, त्यामुळं आजवर तिथं थोरल्या जावयाला भलता मान होता. आता ज्याच्या त्याच्या तोंडी आफ्रिका.

"तितं करतोय काय तुमचा साडू?" कुणी विचारलं, की नाथाजी दोन शब्दांत उरकायचा. "डिश बसवतोय."

खोटं नव्हतं. पण कुंडलात डिशवाला म्हणजे घरोघर केबल जोडत फिरणारा गडी. गावानं तसंच धरलं आणि नाथाजीला जरा बरं वाटलं.

नव्व्याण्णव साली अधिक महिन्यात इंद्रजित सुट्टीवर आला. सासूबाई धोंडुबाईंनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पहिलं पान मांडलं ते इंद्रजितपुढं! नाथाजीला पुरण गोड लागेना. वर सासूबाई लाडानं म्हणाल्या, "आवं, तुमी डिशवालं न्हवं का? मग आमचा टीव्ही बघा की जरा. वर्ल्डकपची मॅच हाय आन् नुसत्या मुंग्या दिसत्यात."

डिशवालं म्हटल्यावर इंद्रजितला राग यायला हवा होता. तो हसला आणि हात धुऊन पत्र्यावर चढला. अँटेना फिरवता फिरवता खालच्या लोकांना सांगू लागला, "तिकडं शाळंवर सोलरची पॅनेलं टाकायची, मोठी डिश आभाळाकडं करायची, की इंटरनेट चालू. लांब लांबपतुर खांब न्हाई, तार न्हाई."

खांब नाही, तार नाही! नाथाजीची निम्मी हयात खांबावर गेली होती. हा कालचा पोर ती एका वाक्यात मोडीत काढत होता आणि लोक माना डोलवत होते.

चित्र स्वच्छ आलं. संध्याकाळी टीव्ही अंगणात मांडला, सगळी गल्ली गोळा झाली. नाथाजीला कुणी सरकून जागासुद्धा दिली नाही. तो उठला, घरामागच्या डीपीपाशी गेला आणि खटका खाली ओढला. गल्लीत अंधार झाला. लोक हळहळले, तसा त्याचा जीव गार झाला. दाखव म्हणावं आता मॅच!

तेवढ्यात भिंतीपलीकडून धोंडुबाई म्हणाल्या, "गप बसा रं समदी. आमचं थोरलं पाव्हणं हायती न्हवं? लाईट गेली की जेवत्या पानावरनं उठत्यात ते."

"मी बॅटरी घिऊन जातो," इंद्रजित म्हणाला. "एकटंच असतील."

तो आला तेव्हा नाथाजीचा हात अजून खटक्यावरच होता.

"काय झालंय, साडूभाऊ?"

"फॉल्ट हाय."

इंद्रजितनं बॅटरीचा उजेड त्या हातावर धरला. बिघडलेलं काहीच नव्हतं. तो नुसता उजेड धरून उभा राहिला. शेवटी नाथाजीनं खटका वर केला.

"आली, आली!" इंद्रजित भिंतीपलीकडं ओरडला. "साडूभाऊंनी फॉल्ट काढला!"

गल्लीत नाथाजीच्या नावानं टाळ्या पडल्या. मान मिळाला खरा, पण दिला इंद्रजितनं. त्यापेक्षा त्यानं चारचौघांत कानफटात मारली असती, तर नाथाजीला सोसली असती.