पायाखालून टेबलावर

मित्रांनो, लाथा खाऊन मोठा झालेला मी एक जुना डिले पेडल आहे. नावाला घाबरू नका. गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी पत्र्याचा एक छोटा डबा असतो, त्याला एक बटण आणि तीन गोल नॉब असतात, तो डबा म्हणजे मी. आत आलेला सूर मी धरून ठेवतो आणि जरा वेळाने परत देतो. विहिरीत हाक मारली की ती परत येते ना, तसा. सूर किती वेळाने द्यायचा, किती वेळा द्यायचा आणि किती मोठ्याने द्यायचा, हे माझे तीन नॉब ठरवतात.

कारखान्यात माझे झाकण लावणाऱ्या बाईंनी स्क्रू पिळण्याआधी माझ्या पोटात एक हलकी फुंकर मारली होती. तेवढेच माझे लाड. तिथून मी दुकानात गेलो आणि दुकानातून एका दादाच्या हाती, खरे म्हणजे पायी, आलो. दादा बँडमध्ये गिटार वाजवायचा. अकरा वर्षांत त्याच्या बुटाने माझा रंग खरवडून काढला. चिखल, सांडलेला चहा, सगळे मी पोटात घातले. कार्यक्रमानंतर लोक म्हणत, "गिटार काय सुरेख घुमली!" माझे नाव कोणी घेत नसे, पण दादा खाली वाकून मला थोपटायचा. मला तेवढे पुरायचे.

मग दादाला दूरच्या शहरात नोकरी लागली. गिटार त्याच्याबरोबर गेली आणि मी मोज्यांच्या खणात राहिलो. गरज सरो, वैद्य मरो. चार वर्षे कोणी खण उघडला तरी तो मोज्यांसाठीच. उठता लाथ बसता बुक्की म्हणजे मोठा छळ, असे लोक म्हणतात. मला विचाराल तर कोणीच लाथ न मारणे हा त्याहून मोठा छळ आहे.

मला बाहेर काढले ते धाकटीने. धाकटी म्हणजे दादाची बहीण. ती सिंथेसायझर, म्हणजे विजेवर नाना आवाज काढणारा कीबोर्ड, वाजवायची आणि नुकतीच एका हौशी नाटक मंडळीत गेली होती. नाटक होते दीपगृहाच्या रखवालदाराचे. त्यात धुक्यात जहाजांना सावध करणारा भोंगा वाजायचा. धाकटीच्या सिंथेसायझरवर भोंगा निघत होता, पण अगदी कोरडा, शेजारच्या खुर्चीवर बसून कोणी फुंकावा तसा.

दिग्दर्शिका बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "भोंगा लांबून आला पाहिजे. शुक्रवारच्या तालमीत जमलं तर तू वाजव. नाही तर मी रेकॉर्ड केलेला आवाज लावीन. राग मानू नकोस."

धाकटीचे हे पहिलेच नाटक होते. ती जागा तिला हवीच होती.

तिने सिंथेसायझरची वायर माझ्यात खुपसली. मला कंबर नाही, तरी मी ती कसली. धाकटीने आवाज पूर्ण वाढवला, सूर दाबला आणि माझ्या तोंडून नुसती खरखर बाहेर पडली. चार वर्षांनी तोंड उघडले आणि हे असे! मला फार लाज वाटली.

तिने दादाला फोन लावला.

"अगं, तो गिटारचा डबा आहे, सिंथला चालत नाही," दादा म्हणाला. "शिवाय म्हातारा झालाय. टाकून दे."

"चालत नाही असं कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी लावून बघितलंय का?"

दादाने विषयच बदलला. त्यानेही कधी लावून बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी धाकटी मला दुरुस्तीवाल्या मावशींकडे घेऊन गेली. मावशींनी मला उघडले, वास घेतला, मीटर लावला आणि पुन्हा बंद केले.

"याला धाड भरलेली नाही. सिंथचा आवाज किती ठेवला होतास?"

"फुल."

"तिथंच चुकलं. गिटारच्या तारेतून येणारा सूर अगदी नाजूक असतो. तुझा सिंथ त्याच्या कितीतरी पट जोरात बोलतो. वाटीत बादली ओतलीस तर सांडणारच. सिंथ खाली आण, पाहिजे तेवढा आवाज पुढे स्पीकरला वाढव. आणि याला पायाखाली कशाला ठेवतेस? टेबलावर घे. गिटारवाल्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. तुझा एक मोकळा आहे."

घरी आल्यावर धाकटीने सिंथेसायझरचा आवाज पाव भागापर्यंत उतरवला आणि सूर दाबला. या वेळी मी तो स्वच्छ झेलला आणि स्वच्छ परत दिला. एकदा, दोनदा, तीनदा.

मग आमची खरी मेहनत सुरू झाली. तिचा उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा माझ्या नॉबवर. दादाने मला अकरा वर्षे चालू आणि बंद केले होते. धाकटी मला वाजवत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी बोटांनी वाजवले, आणि मला फार आनंद झाला, हे लपवत नाही. पण गंमत सोपी नव्हती. मधला नॉब केसभर जास्त फिरला की सूर सुरावर चढायचा, मी बेभान ओरडत सुटायचो आणि शेजारचे आजोबा भिंत ठोकायचे. धाकटी नॉब मागे घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिने हट्ट सोडला नाही, मग मी कसा सोडणार?

शुक्रवार उजाडला. बाई शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. रखवालदार झालेला नट खिडकीशी आला. धाकटीने सूर दाबला आणि डाव्या हाताने मला हळूहळू फिरवले. भोंगा वाजला. मग तोच जरा मागून आला, मग आणखी मागून, मग पार पलीकडून. नटाने लगेच बोलायचे होते, पण तो बोललाच नाही. मान वळवून ऐकत राहिला. माझा शेवटचा, अगदी बारीक सूर विरेपर्यंत थांबला आणि मग आपले वाक्य म्हणाला, "अजून कोणीतरी आहे तिकडं."

बाई उठून पुढे आल्या. "हे असंच राहू द्या. आणि हिचं टेबल पुढे सरकवा, हिला नट नीट दिसला पाहिजे."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला 'चालत नाही' म्हणण्याआधी, आपण तिला झेपेल एवढेच देतो आहोत ना, ते बघा. काम झाले की वायर काढा, धूळ पुसा, आणि मोज्यांत तर मुळीच ठेवू नका.

उद्या पहिला प्रयोग आहे. धाकटीने मला कोरड्या फडक्याने पुसून टेबलावर ठेवले आहे. नाटकात भोंगा सात वेळा वाजतो. सातही वेळा मी तो लांबून आणणार आहे.