ओल्या सिमेंटवर टांगलेला पाइप

मी एक जुना सांडपाण्याचा पाइप आहे. बिडाचा आहे बरं का मित्रांनो, हल्लीच्या प्लॅस्टिकसारखा लेचापेचा नाही. वितळलेलं बीड साच्यात ओतून मला घडवलं आणि या तीन मजली घराच्या मागच्या भिंतीला उभं केलं. नवा होतो तेव्हा घरमालक माझ्यावर थाप मारून पाहुण्यांना सांगायचे, हा नातवंडांनाही पुरेल. पुढे मला कुणी विचारलं नाही. माझ्या पोटातून जे जातं त्याचं कौतुक कोण करणार? मला भिंतीला धरून ठेवणारे लोखंडी पट्टे गंजून गळाले, तेही कुणी पाहिलं नाही. वरचा सगळा भार मग माझ्या खालच्या भागावर आला.

तेच घरमालक म्हातारे झाले. अर्धांगवायूने त्यांची एक बाजू गेली. बिछाना तळमजल्यावर, संडास मात्र वर. मुलगा शिंपी होता. हातातली शिवण टाकून तो वडिलांना पाठुंगळी घ्यायचा आणि जिना चढायचा. एका सकाळी जिन्यातच नको ते झालं. सुनेने पायऱ्या धुतल्या. ते पाणीही माझ्याकडेच आलं. म्हातारबुवा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग खालीच संडास बांधायचं ठरलं. त्यासाठी मला कमरेत कापून एक फाटा जोडायचा होता. प्लंबर आला. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. त्याने माझ्या वरच्या भागाला नवे पट्टे लावले, भिंतीतल्या भोकांत सिमेंट भरलं, बोट टेकवून पाहिलं आणि सामान आवरायला घेतलं. सिमेंट ओलं आहे, उद्या कापू, म्हणाला. मुलगाही बरं म्हणाला.

"आजच कापा," आतून म्हातारबुवा म्हणाले. "त्या जिन्यावर मी परत जाणार नाही."

मुलाने वडिलांचा शब्द कधी मोडला नव्हता. त्याने प्लंबरच्या विनवण्या केल्या, मी स्वतः मदतीला उभा राहतो म्हणाला. प्लंबरने कुरकुरत लाकडाचा टेकू दिला आणि मला दोन जागी कापलं. मधला तुकडा निघाला. मुलाने उजव्या हाताने फाटा त्या जागेत सरकवला. तेवढ्यात पट्टे ओल्या सिमेंटातून सुटले आणि टेकू घसरला. माझा वरचा भाग त्या हातावर बसला. मला ओरडता येत नाही मित्रांनो, नाहीतर मी ओरडलो असतो.

शिंप्याची बोटं गेली. शेजाऱ्यांनी प्लंबरच्या डोक्यावर खापर फोडलं, काहींनी मलाही शिव्या दिल्या. म्हातारबुवांनी कुणालाच दोष दिला नाही.

फाटा नंतर नीट बसला. आता रोज सकाळी म्हातारबुवा भिंत धरून, पाय ओढत, एकटेच जातात. हवं होतं ते त्यांना मिळालं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन चादरीखाली झाकलेलं आहे. पाणी सोडण्याआधी म्हातारबुवा बराच वेळ संडासात उभे राहतात. दार बंद असतं, म्हणून त्यांचं पुटपुटणं फक्त मला ऐकू येतं.

"एक दिवस थांबलो असतो रे."

मित्रांनो, आम्हाला खुशाल कापा, जोडा. पण वरचं ओझं आधी टांगा आणि सिमेंट वाळू द्या. थांबायची कितीही लाज वाटली तरी थांबा.