गुंताबाईचं दूध

गुंताबाईच्या दुधात पाणी असतं, हे नूतननं भर रांगेत सांगितलं होतं. शिंदखेड्याजवळच्या त्या डेअरीत फॅट मोजणारा प्रोग्राम नूतननंच लिहिला होता. “अक्का, मशीन खोटं बोलत नाही.”

“मन्ही म्हैस बी बोलत नही,” एवढंच म्हणून म्हातारी कॅन उचलून गेली. परत आली नाही.

आज धुळ्याच्या ऑफिसात नूतन त्या प्रोग्रामचं फॅट काढणारं पायथन फंक्शन एडिटरमध्ये एकेक ओळ थांबवून बघत होती. गुंताबाईची पाळी आली, तरी आधीच्या मापांची यादी कोरी झाली नव्हती. तिच्याआधी उभ्या असणाऱ्या जगदीशचे आकडे गुंताबाईच्या आकड्यांत मिसळत होते. जगदीशचा स्वतःचा फॅट तर या मिसळलेल्या आकड्याहूनही खाली. पण तो चेअरमनचा भाऊ, त्याला विचारणार कोण? नूतननंही विचारलं नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. खाली बदलाच्या नोंदीत सवयीनं तिनं ‘किरकोळ दुरुस्ती’ असं टाईप केलं आणि तिला स्वतःचीच चीड आली. किरकोळ? ते खोडून तिनं लिहिलं, ‘गुंताबाईच्या दुधात पाणी नव्हतं.’

पण हे वाचणार कोण? तिनं शिंदखेड्याच्या पहिल्या एसटीची वेळ विचारली. सकाळची रांग मोडायच्या आत पोचायला हवं होतं.