लाजऱ्याची जागा

शकूनं बादली वाजवली आणि पुढारी उसळून वर आला. बाकीचे जिताडे त्याच्या मागोमाग. रेवसच्या खाडीला लागून बुधाजीचं तळं, आणि त्यातल्या एकेका माशाचा स्वभाव त्याच्या सुनेला, शकूला तोंडपाठ. परवा पागाचं जाळं पडलं, आजूबाजूचे चार गेले, तरी आज पुढारी पुन्हा पहिला हजर! आणि लाजरा? तो खाडीचं पाणी आत घेणाऱ्या उघाडीच्या फळीखाली चिखलात दबून बसणार. सगळ्यांची पांगापांग झाली की शकूच्या हातातली करंदी हळूच घेणार आणि परत खाली. तीन वर्षांत एका दिवसाचा फरक नाही. पुढं पुढं करणारे दरसाल जाळ्यात जायचे आणि हा भित्रा नुसता वाढत होता.

शकूला काशीदला जायचं होतं. तिची मैत्रीण रुचिका तिथल्या हॉटेलात स्वयंपाकाला होती. सोमवारपासून हिलाही बोलावलं होतं. नवरा मुंबईला, महिन्यातून एकदा तोंड दाखवणार, आणि ही सात वर्षं बांधाच्या आत. जीव गुदमरायचा तिचा.

"बाबा, मी जाऊ ना?"

"जाशील गं! कोन धरून ठेवतंय तुला?" बुधाजी म्हणाला. "तुझ्या नणंदेच्या, नेत्राच्या साखरपुड्याला व्याह्यांकडं मोठा जिताडा धाडायचा हाय. त्यो लाजरा मला काय गावत न्हाय. त्येवढा धरून दे आन् खुशाल जा."

रविवारी शकू पिशवी भरूनच उघाडीपाशी बसली. मागं बुधाजी पाग घेऊन.

"बाबा, सावली पडतेय पान्यात, मागं सरा. पुढाऱ्याला पलीकडं खायला टाकलंय, त्याचं पोट भरू दे. आता येल बगा."

आणि आला की! लाजऱ्यानं तिच्या हातातली करंदी तोंडात धरली.

"टाका!" शब्द तिच्याच तोंडातून गेला.

"आयला!" जाळ्यात हातभर मासा बघून म्हातारा हरखला. "चाळीस वरसं तळं केलं मी, मला जमलं न्हाय. तू एका बसनीत धरलास! आता तुला कशी सोडू गं? तुझ्याबिगर तळं कोन बगंल?"

"तुमी सबूद दिलावता, बाबा!"

"दिलावता. पन तवा ठावं नव्हतं ना, तू येवढी गुनाची हायेस!"

आणि वर कौतुकानं हसला मेला! बादली त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं शकूला. नवऱ्याला फोन लावला, तर तो म्हणतो, बाबा सांगतात तसं कर. रुचिकाचा फोन वाजत राहिला. उचलून सांगणार काय?

साखरपुडा झाला. मोठ्या माशांनी खाऊ नयेत म्हणून उघाडीच्या कोपऱ्यात जाळी बांधून बुधाजीनं नवी पिल्लं सोडली.

"बग सूनबाय, ह्यातलं लपून ऱ्हानारं कुठलं? आताच निशानी करून ठेवू."

शकूनं बादली वाजवली. पिल्लं धावली. एक तेवढं वळलं आणि सरळ फळीखाली, लाजऱ्याच्या जागी जाऊन बसलं. शकूनं पटकन नजर दुसरीकडं वळवली.

"काय गं? दिसलं काय?"

"न्हाय बाबा," शकू म्हणाली. "समदी सारखीच हायेत."