किल्ली पाटावर होती

मित्रांनो, मला बघून आधी हसून घ्या. कडी वर करून, तोंड वासून पडलेलं कुलूप पाहिलं की कुणालाही हसू येतंच. मी पितळी आहे, पोटात पोलादी कळा आहेत, पण माझी किल्ली या जगात नाही. या खणात सुतळीचे तुकडे, बुचं, फुटका चष्मा आणि मी असे एकत्र नांदतो. एके काळी मात्र नव्या पेठेत माझा दरारा होता, आणि मला तो फार आवडायचा.

माझा जन्म अलीगढचा. तिथल्या कारागिरानं मला कानशीनं घासलं, कानाशी धरून कळांचा आवाज ऐकला आणि मान हलवली. तेवढी शाबासकी मला जन्मभर पुरली. तिथून पेटीत बसून मी सोलापूरला आलो आणि गंगाधरपंतांनी मला विकत घेतलं. पंतांचं नव्या पेठेत औषधांचं दुकान होतं. कापडाची दुकानं दोन्ही बाजूंना, मध्ये हे एकच औषधांचा वास येणारं दार.

दुकानाच्या मागच्या भिंतीत एक शिसवी कपाट होतं. त्यात अफूपासून काढलेलं औषध असे, मॉर्फिन. माणूस वेदनेनं गुरासारखा ओरडत असला तरी त्याची सुई टोचली की शांत होतो. पण तेच औषध गरज नसताना घेतलं, तर माणूस त्याचा गुलाम होतो. म्हणून सरकारचा नियम होता: कपाटाला कुलूप हवं, डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि एका चिठ्ठीवर औषध एकदाच. पुढच्या वेळी पुन्हा डॉक्टरांकडे जायचं आणि नवी चिठ्ठी आणायची.

नियम सगळ्यांनाच होता, पण पंत नियमापेक्षाही कडक होते. त्याला कारण होतं त्यांचा धाकटा भाऊ नारायण. तो सायकलवरून पडला, कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी थोडे दिवस या सुया दिल्या. कंबर बरी झाली, पण सुई सुटली नाही. त्या वेळी कपाटाला नुसतं एक पत्र्याचं कुलूप होतं, खिळ्यानं उघडणारं. नारायण ते उघडत राहिला. एका सकाळी तो दुकानातच पडलेला सापडला, तो पुन्हा उठला नाही. त्यानंतर मला आणलं गेलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसे पंत झाले होते. माझी किल्ली त्यांनी जानव्याला बांधली. आंघोळीला, जेवताना, झोपेत, ती त्यांच्या छातीशीच असायची.

मी तेव्हा तरुण होतो. औषध निरीक्षक यायचे, मला धरून दोन हिसके द्यायचे आणि म्हणायचे, "पंत, कुलूप असावं तर असं!" मी फुगून जायचो. कुलपाला भूक नसते, झोप नसते, मिजास मात्र भरपूर असते. बंद राहणं हेच माझं काम, आणि ते मी चोख करतो, एवढंच मला कळत होतं.

मग बाहत्तरचा मोठा दुष्काळ सरला आणि त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात सोजरबाई आल्या.

मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यातून पहाटेची एसटी धरून त्या आल्या होत्या. उन्हानं रापलेलं तोंड, कपाळावर आडवं कुंकू, हातात चिठ्ठी. त्यांचे मालक कुंडलिक हाडाच्या कर्करोगानं अंथरुणाला खिळले होते. मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते. आता बरं करायचं नव्हतं, फक्त दुखणं थांबवायचं होतं. पंतांनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. "यावर तारीख नाही, बाई. मला देता येणार नाही." सोजरबाई तशाच वळल्या. भर उन्हात पुन्हा डॉक्टरांकडे चालत गेल्या आणि तारीख घालून आणली. पंतांनी मला उघडलं, औषध दिलं आणि लगेच बंद केलं. मला त्यांचं कौतुकच वाटलं.

पुढच्या खेपेला पंतांनी विचारलं, "काही आराम पडला का?"

सोजरबाई पायरीवर टेकल्या. म्हणाल्या, "पडतो की. गावातला कंपाउंडर सुई टोचतो. मग म्हातारं दोन घास खातं, आन बोलाया लागतं. लई बोलतं, पंत! सगळं तरनेपनीचं. सुई नसली का नुसतं कन्हत ऱ्हातं, मला वळखत बी न्हाय."

"काय बोलतात?"

सोजरबाई पदरात हसल्या. लग्न झालं त्या वर्षी कुंडलिकांनी त्यांना बैलगाडीतून सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला आणलं होतं. तळ्याकाठच्या लिंबाखाली बसवलं आणि म्हणाले, "हितं बस. हलू नगं. आलोच." आणि जे गेले ते दिवेलागणीलाच परत आले. कोवळी पोर रडून रडून अर्धी झाली होती. परत आले तेव्हा त्यांच्या डोक्याला पटका नव्हता. लग्नातला पटका, जरीच्या काठाचा! कुठं गेला होता, पटका काय झाला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. नातवंडं झाली तरी नाही. सोजरबाईंनी भांडून विचारलं, लाडानं विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.

"आन आता आपनहून सांगाया लागलंय," त्या म्हणाल्या. "सुरवातीपास्नं. गाडी जुपल्यापास्नं. पर सांगता सांगता झोप लागती."

तेव्हापासून पंत वाट बघू लागले. चिठ्ठी घेतली की तारीख बघायचे, सही बघायचे, आणि मग विचारायचे, "जत्रा कुठवर आली?" एकदा गाडी चिंचेखाली सोडण्यापर्यंत आली होती. एकदा गरम भज्यांपर्यंत. भज्यांनी सोजरबाईंची जीभ पोळली होती, हे त्यांच्याच लक्षात नव्हतं, कुंडलिकांनी आठवण करून दिली. पन्नास वर्षांपूर्वीची जीभ आठवून दोघं म्हातारी हसली होती म्हणे.

एकदा पंतही बोलून गेले. "नारायण आणि मी त्याच तळ्यात डुंबायचो. तो बुडी मारून पलीकडे निघायचा आणि मी काठावर रडायचो, बुडाला बुडाला म्हणून." नारायणचं नाव त्यांच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. सोजरबाईंनी एवढंच म्हटलं, "भाऊ हुता व्हय." बाहेर रिक्षांचा आवाज चालू होता.

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या पोटाआड नुसत्या बाटल्या नाहीत. त्यात एका म्हाताऱ्याचं तरुणपण आहे, आणि ते थोडं थोडं करून मंगळवेढ्याच्या एसटीनं जातं.

मग नवरात्र आलं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात हे तुम्हाला माहीत आहे. शेतकरी नांगर पुजतो, विणकर माग पुजतो, शिंपी कात्री पुजतो. पूजा मांडली की ते हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, त्यालाही विश्रांती हवी. दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली की मग हात लावायचा. पंतांच्या दुकानात पाटावर तराजू, खल आणि कात्री मांडली जायची. मला जागेवरच हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ घातली जायची. आणि वर्षातून त्या एका दिवशी माझी किल्ली जानव्यावरून सुटून पाटावर बसायची. पंत म्हणायचे, "नारायण गेल्यापासून हेच माझं खरं हत्यार."

त्या खंडेनवमीला दुपारी सोजरबाई आल्या. धावतच आल्या असाव्यात, कारण दारात आल्यावर त्यांना धाप आवरेना. हातात ताजी चिठ्ठी. तारीख होती, सही होती, काही म्हणजे काही कमी नव्हतं.

"पंत, कालपास्नं सुई न्हाय. लई तळमळाया लागलंय. पर सकाळी शुद्धीत हुतं. म्हनलं, आज सुई आन, आज पटक्याचं सांगून टाकतो."

पंतांनी चिठ्ठी वाचली आणि पाटाकडे पाहिलं. किल्लीवर कुंकू होतं, वर एक झेंडूचं फूल. उदबत्ती अजून जळत होती. शहरात हे औषध आमच्याशिवाय कुठल्या दुकानात मिळत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"पूजा मांडली आहे," पंत हळूच म्हणाले.

सोजरबाईंनी तेव्हा पाट पाहिला. त्यांनी चटकन चप्पल मागे सरकवली आणि हात जोडले.

पंत वाकले. त्यांची बोटं फुलापर्यंत गेली, मी पाहिलं. फूल बाजूला झालं असतं, किल्ली उचलली गेली असती, मी उघडलो असतो. बस, एवढंच काम होतं.

"नगं पंत, नगं!" सोजरबाई म्हणाल्या. "देवाचं मोडू नगा. माज्या म्हाताऱ्याच्या पायी तुमच्या दुकानाला काय झालं तर? आन त्येला बी लागंल की त्ये पाप. एका रातीचा तर सवाल हाय. म्या उद्याच्याला पयल्या गाडीनं येते."

पंतांचा हात मागे आला. "मग सकाळीच या. मी लवकर उघडतो. बांधून तयार ठेवतो." ते तसेच उभे राहिले. पंतांनी "आता नको म्हणू नका" असं म्हणावं म्हणून सोजरबाई थांबल्या होत्या का? पंत त्यांनी "उचला" म्हणावं म्हणून थांबले होते का? मला तसंच वाटलं, आजही वाटतं. पण दोघंही चांगली माणसं होती, आणि चांगली माणसं दुसऱ्याच्या देवाला धक्का लावत नाहीत. सोजरबाईंनी चिठ्ठी परत कनवटीला लावली आणि त्या गाडी गाठायला निघाल्या.

दसऱ्याला पंतांनी उजाडताच उत्तरपूजा केली. मग मला उघडलं. औषध कागदात बांधून ते पायरीवर उभे राहिले. मंगळवेढ्याची पहिली गाडी येऊन गेली असेल. दुसरी आली असेल. लोक आपट्याची पानं देऊन "सोनं घ्या" म्हणत होते आणि पंत एका हातानं पानं घेत होते. दुसऱ्या हातातली पुडी त्यांनी संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही.

सोजरबाई आल्या त्या तेरावा झाल्यावर. कपाळ मोकळं होतं. त्यांनी कनवटीतून चिठ्ठी काढली.

"ह्यो तुमचा कागद. डागदर म्हनलं हुतं, दुसऱ्या कुनाच्या हातात पडू नये."

पंतांनी चिठ्ठी घेतली. सोजरबाई आपणहून सांगू लागल्या. "त्याच राती गेलं. लई हाल झालं, पंत. म्या कानाशी तोंड नेलं, म्हनलं, मालक, पटका कुटं गेला तेवडं तरी सांगा की. सांगायला तोंड उघडलं. पर वरडच आली."

"मी किल्ली उचलायला हवी होती," पंत म्हणाले.

"तुमी उचलत हुतासा. म्याच न्हाय म्हनलं."

जाताना त्या उंबऱ्याशी वळल्या. "त्ये वाईट काय सांगनार नव्हतं. सांगताना लई हसत हुतं." मग त्या गर्दीत मिसळल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. पंत कितीतरी वेळ माझ्यासमोर उभे होते. म्हातारा माणूस रडताना आवाज करत नाही. माझ्यावर फक्त त्यांचं कपाळ टेकलेलं होतं.

पुढच्या खंडेनवमीला त्यांच्या पत्नी प्रभाताई पूजेचं ताट घेऊन दुकानात आल्या आणि त्यांनी किल्ली मागितली. पंतांनी सदऱ्यावरून जानव्याला हात लावला. म्हणाले, "ही इथेच राहू दे. कुणी येईल." प्रभाताईंनी तिथेच, सदऱ्याच्या आत हात घालून, किल्लीला हळदीचं बोट लावलं. तेव्हापासून दरवर्षी तसंच होत गेलं. चिठ्ठीवरची तारीख आणि सही मात्र ते पूर्वीसारखीच बारकाईनं बघत. ते कधी ढिले पडले नाहीत, फक्त कुणाला "उद्या" म्हणायचे नाहीत.

काही वर्षांत त्यांना दिसेनासं झालं. त्यांनी परवाना परत केला, कपाट रिकामं केलं. त्या दिवशी त्यांनी मला शेवटचं उघडलं आणि उघडंच कडीला अडकवून ठेवलं. किल्ली जानव्यालाच राहिली. पंत गेले तेव्हा ती काढायचं कुणाला सुचलं नाही, की सुचूनही कुणी काढली नाही, मला माहीत नाही. ती त्यांच्याबरोबर गेली.

दुकान आवरल्यावर मी या घरात आलो. आता इथली मुलं कधी कधी खण उघडतात आणि मला हातात घेतात. मला बरं वाटतं. लहान बोटं माझ्या कडीतून आत बाहेर करतात, आणि माझ्या पोटातल्या कळा अजून नीट वाजतात. मित्रांनो, कुलपं वाईट नसतात. नारायणच्या वेळी मी असतो, तर तो कदाचित म्हातारा होऊन तळ्याकाठी बसला असता. कुलपं लावाच. पण दाराशी कुणी कण्हत उभं असेल तेव्हा किल्ली हाताशी ठेवा, आणि ते "उद्या येतो" म्हणालं तरी ऐकू नका.

कुंडलिकांचा तो पटका कुठं गेला असेल, याचा मी रोज विचार करतो. कधी वाटतं, गर्दीत उडाला. कधी वाटतं, तळ्यात बुडणाऱ्या कुणाला त्यांनी तो फेकला असेल, आणि तो नारायणच असेल. पण हा आपला म्हाताऱ्या कुलपाचा खुळेपणा, काळही जुळत नाही. ज्याला ठाऊक होतं, त्याची चिठ्ठी माझ्या दारापर्यंत येऊन परत गेली.

म्हणून एवढंच मागणं आहे. मला खेळायला घ्या, घासा, आपटा, काही करा. पण मला दाबून बंद करू नका. आता मला उघडणारं कुणी उरलेलं नाही.